धक्क्याचे पुढचे दोन खांब

मामीचा पाय धक्क्याच्या फळीतून आरपार गेला, तेव्हा तिच्या डोक्यावर काकड्यांची पाटी होती. पाटी तळ्यात पडली आणि मामी मांडीपर्यंत अडकली. मामाने आणि मी तिला वर ओढलं. नडगी सोलून निघाली होती, पण तिची नजर पाण्यावर तरंगणाऱ्या काकड्यांवर.

मामाचा पाडा बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. सडकेवर यायचं तर होडीने तळं ओलांडायचं, नाहीतर वळसा घालून तासभर चालायचं. पाड्याकडचा लाकडी धक्का माझ्या बाबांनी बांधलेला. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात सुतार होते. निवृत्तीनंतर दोन उन्हाळे खपून त्यांनी तो उभा केला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना बेलवलीच्या घरून घेऊन आले. त्यांनी खांबाला पेचकस टेकवला. जोर लावलाच नाही, तरी पातं मुठीपर्यंत आत गेलं. वरून डांबर कसं तुळतुळीत, आणि आत लाकूड भिजलेल्या पावासारखं.

"डांबर मीच फासलं," बाबा म्हणाले. "आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही ठेवली."

"दाजी, लाकूडच ते. कुजनारच," मामा म्हणाला.

बाबांनी पेचकस पुसला आणि पुढच्या खांबाला टेकवला.

पुढच्या रविवारी कामाला लागलो. काठाजवळच्या चार खांबांना नवे खांब जोडून बोल्ट आवळले, कुजक्या फळ्या उखडल्या. बाबा काठावरून सांगत होते, मी आणि मामा करत होतो. माझा खिळा तिसऱ्यांदा वाकला, तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते छातीभर पाण्यात उतरले, हातोडा उचलला. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरतात. पहिला घाव फळीवर पडला, दुसरा अंगठ्यावर. तिसऱ्यासाठी हात उचलला आणि तसाच धरून उभे राहिले.

"दाजी, बाहेर या," मामा हळूच म्हणाला.

मी हात पुढे केला. तो न धरताच ते बाहेर आले.

पुढचे दोन खांब राहिले. तिथे उन्हाळ्यातही पाणी खोल. खाली पाय टेकत नव्हता, आणि होडीत उभं राहून नवा खांब गाळात रोवणं आम्हाला जमेना. दोनदा रोवला, दोनदा कलंडला. ऊन कलायला लागल्यावर बाबाच म्हणाले, "कापून टाका तेवढा."

मामाने करवत घेतली. कापलेला भाग पाण्यात पडला, तेव्हा बाबा पाठ करून हत्यारं पुसत होते, कोरडी असलेलीही.

आता धक्का आखूड आहे. पावसाळ्यानंतर चारेक महिने होडी त्याला लागते. मग पाणी मागे हटतं आणि बायका पाट्या घेऊन गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत जातात. कुणी तक्रार केली नाही, त्याचंच बाबांना जास्त लागतं. मामाचा फोन आला की ते आधी पाणी किती उतरलं ते विचारतात, आणि उत्तर ऐकून फोन माझ्या हातात देतात.