कापत नेलेला टॉवेल

लग्न होऊन मी मोडनिंबहून सोलापुरात आले, तेव्हा सासऱ्यांशी काय बोलावं हेच सुचत नसे. घरात तेलुगू चालायची आणि मला ती येत नव्हती. त्यांचा घरामागंच टॉवेलचा छोटा कारखाना, मी शाळेत गणित शिकवणारी.

एकदा माझ्या कागदावर ७३९३९१३३ लिहिलेलं बघून त्यांनी विचारलं, हा कुणाचा फोन, दोन आकडे कमी पडतात. मी सांगितलं, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही. गंमत म्हणजे शेवटचा आकडा पुसला तरी उरते तीही मूळच. पुसत पुसत नुसता सात उरेपर्यंत असंच. ते मान हलवून कामाला गेले. मला वाटलं, कंटाळले.

पुढच्या आठवड्यात सासूबाई हळूच सांगत आल्या. माझ्या वाढदिवसासाठी सासऱ्यांनी ती संख्या टॉवेलात विणून घेतली होती, पण शेवटच्या तीनवर ताण्याचे उभे धागे तुटले आणि तो बिघडला. आता कुणाशी बोलत नव्हते.

मी कारखान्यात गेले. पांढऱ्या टॉवेलवर लांबीभर ओळीनं निळे, तळहाताएवढे आकडे होते. शेवटचा तीन पार विसकटलेला. दुसरा विणून देतो, असं ते म्हणू लागले. मी कात्री मागितली.

"मामय्या, हा तीन कापू?"

विणलेलं कापड कुणी कापलेलं त्यांना बघवत नसे. तरी त्यांनी कात्री दिली. मी तीन कापला आणि म्हणाले, ही राहिली तीही मूळ संख्याच.

त्यांनी मोबाइल काढून साताने, अकराने, तेराने भागून पाहिलं. दरवेळी पुढं दशांशच. मग माझ्या हातातली कात्री घेऊन त्यांनी स्वतःच पुढचा तीन कापला.

"आता?"

"मूळच."

एक गेला, नऊ गेला. कामगार लूम थांबवून बघायला आले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी रुमालाएवढा सात उरला. तो हातात धरून त्यांनी विचारलं, अख्ख्या आठ आकड्यांच्या शेवटी अजून एक जोडला तर? मी म्हणाले, कुठलाही जोडा, मग ती मूळ राहत नाही. अशा संख्यांतली हीच सर्वांत मोठी.

त्यांनी थोडा विचार केला.

"म्हणजे हा पुरा झालेला माल हाय की."

दुसऱ्या दिवशी लूमपाशी स्वतः उभं राहून त्यांनी अख्खा टॉवेल विणून घेतला. कापलेले तुकडे सासूबाईंनी स्वयंपाकघरात नेले. आमटीचं पातेलं उतरवायचं असलं की त्या अजूनही मला म्हणतात, "अगं, तो नऊ दे."