बाजूने: एक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त विंग कमांडरांइतकं माझं डोकं अख्ख्या चंदीगडात कुणी फिरवलं नाही. सगळे एकीकडे आणि हे दुसरीकडे, हे ठरलेलंच. झिरकपूरला एअरपोर्ट रोडवर जाम लागला की अख्खा पंजाब उलट्या लेनमध्ये घुसतो. हे आपल्या लेनमध्ये इंजिन बंद करून ढिम्म बसत. एकदा मला स्टेशन गाठायचं होतं म्हणून यांच्या गाडीत बसण्याचा मूर्खपणा मी केला. मागचा सरदारजी उतरून ओरडला, "ओ अंकलजी, चलणा नहीं?" हे शांतपणे म्हणाले, "चलना है जी, सीधा." माझी ट्रेन गेली. मागे वळून बघते तर तो सरदारजी आणि त्याच्यामागे चार गाड्या निमूट रांगेत उभ्या! मला ते कौतुक नको होतं, ट्रेन हवी होती.

पण खरा छळ मंडळात. आमच्या मराठी मंडळाची सभा डिसेंबरात सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासच्या रिकाम्या वर्गात भरते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा विषय निघाला की हे उठत आणि दरवर्षी तेच, त्याच शब्दांत बोलत: "मी विधुर आहे. मला तुम्ही पहिल्या रांगेत बसवता, दीपप्रज्वलनाला बोलावता. मग विधवांना हळदीकुंकवाचं आमंत्रण का नाही? मतदान घ्या." हात वर एकच, यांचा. चिटणीस मी, त्यामुळे इतिवृत्तात 'बाजूने: एक' असं मलाच लिहावं लागे, आणि ते लिहिलंय की नाही हे चष्मा चढवून तपासल्याशिवाय हा गृहस्थ हलत नसे. वडील गेल्यापासून माझी आई माझ्याकडेच असते. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मी पैठणी नेसून निघायचे आणि ती टीव्हीसमोरून म्हणायची, "जाऊन ये हो." तरी माझा हात कधी वर गेला नाही. चारचौघी काय म्हणतील! आणि त्याचा सगळा राग मी काढायचे यांच्यावर.

पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी भडकले. "सर, हा बायकांचा कार्यक्रम आहे," एकीने सुनावलं, तर म्हणे, "मग बायकांनीच ठरवा. मी थांबतो." आणि थांबले की! तिने यांच्याशी बोलणं टाकलं, यांनी नमस्कार टाकला नाही. चौथ्या वर्षी बदलीवर आलेल्या एका मेजरच्या बायकोने हात वर केला. ती पुढे जोधपूरला गेली, पण पाचव्या वर्षी हात निघाले सात. त्यातही माझा नव्हता.

आणि गेल्या डिसेंबरात विषय निघताच अध्यक्षीणबाई स्वतःच उभ्या राहिल्या. "माझ्या कधीपासून मनात होतं, यंदा सगळ्याच जणींना बोलवू या." टाळ्या! बोलणं टाकलेली बाई तर म्हणाली, "आपलं मंडळ पहिल्यापासूनच पुढारलेलं, जी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलेच, तर हे मागून म्हणाले, "बसा, सेक्रेटरीबाई. एकमताने, असं लिहा."

"अहो, पण हे तुमचं होतं!"

"आता त्यांना त्यांचं वाटतंय ना? मग टिकेल." आणि सगळ्यांत जोरात टाळ्या हेच वाजवत होते. काय म्हणावं या माणसाला!

फेब्रुवारीत ते मुलीकडे नाशिकला गेले. वरचा मजला आता शांत आहे आणि ती शांतता मला सहन होत नाही. जाण्याआधीच्या संक्रांतीला मात्र आई माझ्याबरोबर आली होती. एका अनोळखी मुलीने तिला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. परतताना गाडीत ती बराच वेळ कपाळाला बोट लावून बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "त्या सभांना तू असायचीस ना ग?"

"हो."

"मग एवढी वर्षं का लागली?"

तिने रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं.