सात नंबरची नळी

आमच्या भागात धडधाकट पुरुष जेवून झोपतात आणि सकाळी उठत नाहीत. गावात म्हणतात, विधवेचं भूत येऊन नेतं. म्हणून दारावर लाकडी पुतळे टांगतात, पुरुष नखं लाल रंगवून झोपतात, भुताला बाई वाटावी म्हणून. आजान सुमोन्था म्हणायच्या, भूत रक्तात आहे आणि मी ते शोधणार.

मी प्रानोम. खोनकेन शहरात आजानच्या, म्हणजे आमच्या प्राध्यापक बाईंच्या, प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं रक्ताचे नमुने सांभाळतेय. हृदयाचे ठोके चालवणाऱ्या एका जनुकात कुठेतरी एका अक्षराची चूक असणार, हा बाईंचा ध्यास. झोपेत माणूस गेलेल्या अकरा घरांतून आम्ही रक्त आणलं. ताडून बघायला वीस निरोगी माणसांचं घेतलं.

तिसऱ्या वर्षी चूक सापडली. सहा घरांत तीच. आजान दिवसभर नुसत्या हसत होत्या. आठवड्याभरात तीच चूक निरोगींपैकी सात नंबरच्या नळीत दिसली.

"निरोगी माणसात आहे म्हणजे निरुपद्रवी," त्या म्हणाल्या. "खोड."

मी खोडलं. अकराही घरांना पत्रं गेली : तुमच्या रक्तात दोष आढळला नाही.

पुढची चौदा वर्षं आम्ही भलतीकडेच शोधत राहिलो. मधूनमधून निरोप यायचा, अमक्याचा भाऊ गेला. आजान नाव लिहून घ्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "प्रानोम, तो सात नंबर कोण होता गं? बरा आहे का, बघू तरी."

मी जुनी वही काढली. नाव वाचलं आणि वही मिटली.

"कोण?"

"आजान, तुम्ही."

सुरुवातीला माणसं कमी पडली तेव्हा त्यांनी स्वतःचं रक्त दिलं होतं. त्या साफ विसरल्या होत्या. ही चूक बायकांना बहुधा मारत नाही, हे तोवर आम्हाला कळलं होतं; म्हणजे सात नंबर निरोगी असण्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी गेलो. त्यांची आई खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत चिंचा सोलत होती.

"आई, बाबा कसे गेले?"

"कितीदा सांगू? सिंगापूरला, परांचीवरून पडून."

"माझ्या रक्तात निघालंय, आई."

म्हातारीचे हात थांबले. "झोपेत गेले," ती म्हणाली. "मजुरांच्या बराकीत. खरं सांगितलं असतं तर तुला कुणी करून घेतलं असतं?"

आजानचा धाकटा भाऊ खामफोन खांबांना बांधलेल्या झोळीत पडून ऐकत होता. "म्हणजे ताई आता मला मारायला आली," तो म्हणाला. "रक्त मागू नकोस. मी नखं रंगवलीत."

"रंगव की. रक्तही दे."

तो कूस बदलून पडला.

मग आजान त्या अकरा घरी स्वतः गेल्या. चौथ्या घरी बुप्पा नावाच्या विधवेनं आमचं पत्र काच लावून भिंतीवर टांगलं होतं.

"धाकट्या दिराला हेच दाखवलं होतं मी," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्यात काही नाही, निर्धास्त निजा."

"ते कुठे आहेत?"

"जाऊन दोन वर्षं झाली."

आजाननी गुडघे टेकले, हात जोडले, कपाळ जमिनीला लावलं. बुप्पा म्हणाली, "उठा. माझा मुलगा पंचविशीचा आहे. त्याचं बघा."

मुलाच्या रक्तात चूक निघाली. हे आजानच्या गावी कळल्यावर खामफोन आपणहून आला. त्याच्याही निघाली. ठोका बिघडला की झटका देणारं यंत्र त्याच्या छातीत बसवलं. कापणीच्या दिवसांत तो भरदुपारी शेतात कोसळला आणि पुन्हा उठला. "रेड्यानं आतून लाथ घातली," म्हणाला. त्या दिवसापासून तो आजानला उलट बोलत नाही.

झालेली चूक आजाननी स्वतःच्या नावानिशी छापली. काही घरांनी नंतर आम्हाला दारात उभं केलं नाही.

बुप्पाच्या मुलाचं नाव यंत्राच्या यादीत आहे, नंबर अजून लागलेला नाही. रोज सकाळी सातला आजान त्याला फोन करतात. तो उचलेपर्यंत आमच्यापैकी कुणी कामाला हात लावत नाही.