वासूचे झिजणारे विमान

सन दोन हजार एकोणीस. माझे वय एकाहत्तर. पार्श्यात डोंगरावर काजूची बोंडे वेचत होतो, तेव्हा खालून शेजाऱ्याने हाक मारली, "बाबल्या, शिरगावचो वासू गेलो रे!" मी म्हटले, खोटे. माझा स्वभावच तसा, कोणी काही सांगितले की आधी खोटे धरायचे. बस पकडून शिरगावला पोचलो, अंगणात चपलांचा ढीग पाहिला... मग मानावे लागले.

मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहिण्यात चूक असेल ती छापणाऱ्यांनी सुधारावी, मुद्दा मात्र सुधारू नये. वासू आणि मी खाणीवर खनिज वाहणारे टिप्पर ट्रक चालवले. आमच्यात एक नेम होता, एक गाडी एकाच हाताची, कारण गाडी चालवणाऱ्याच्या सवयीप्रमाणे झिजते. दुसऱ्याच्या गाडीत बसलो की नुसता क्लच आणि ब्रेक दाबून मी सांगत असे, ही अमक्याची. पैज मारून सांगत असे, हरलो नाही कधी. पुढे टिप्परच्या मागच्या फाळक्याखाली वासूचा उजवा पाय सापडला. पाय राहिला, जोर गेला, आणि गाडीही सुटली.

घरी बसून वासू सुकत चालला, तेव्हा जावयाने त्याला कॉम्प्युटर दिला. त्यात विमान चालवायचा खेळ. हातात दांडी, पायाखाली दोन पेडल, डाव्या चाकाचा ब्रेक डाव्या पायाला आणि उजव्याचा उजव्या. खेळात विमाने फुकट होती. तरी ह्या माणसाने आपली मोटारसायकल विकून परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचे एक जादा विमान विकत घेतले. एका पंख्याचे, चार माणसांचे, तेसुद्धा काचेच्या आतले! डिचोलीच्या बाजारात गाडीचा सुटा भाग घेताना अस्सल की नकली बघायला खोका फोडून नाकाला लावणारा वासू... आणि त्याला कोणी तरी हवा विकली. गाव हसला. मी हसलो नाही, मला राग आला.

"फुकटची धा आसत मरे त्यात," मी म्हटले.

"ती रोज नवी. काल कशीय बडव, आज कोरी. ती कसली गाडी?"

"आणि ह्या?"

"ह्या झिजता. थंड इंजिन पळयलंस तर मरता. काल केलंस ता आज ध्यानात ठेवता."

"झिजता म्हणान पैसे दिलंस? अरे, कंपनीन आधीच बिघाड घालून ठेवलो असतलो. सगळ्यांका तोच!"

"बाबल्या, तुका देव भेटलो तरी तू तेचो लायसन मागशी," म्हणाला, आणि इंजिन तापत ठेवून चहा प्यायला गेला. टिप्परचेही तो असेच करी. वर्षभर मी बाजूच्या स्टुलावर बसून सगळे बघितले, पण त्याने मला त्या खुर्चीत कधी बसू दिले नाही. एक गाडी, एक हात.

वासू गेल्यावर महिन्याभराने त्याच्या बायकोला, वहिनीला, भेटायला गेलो. चहा ठेवून ती दारात उभी राहिली. "भावजी, लेक उद्या येतली. कॉम्प्युटर सगळो पुसून न्हेतली म्हणता. पण माका खरा सांगा, ते फसले काय? लोक अजून हसतत."

हो म्हणायला तोंड उघडले होते. पण न तपासता बोलणे माझ्या रक्तात नाही. खुर्चीत बसलो. त्या विकतच्या विमानाचा दुसऱ्या रंगाचा एक नग त्यात होता, वासूने कधी हात न लावलेला. आधी तो काढला. जमिनीवरच पळवला, दोन्ही पाय सारखे दाबून ब्रेक मारला. सरळ उभा राहिला. मग वासूचे लाल विमान काढले. तसेच पळवले, तसेच दोन्ही पाय दाबले... आणि नाक उजवीकडे वळून विमान गवतात गेले. म्हटले, माझीच चूक. पुन्हा केले. पुन्हा गवतात. पेडल तीच, पाय माझेच, आणि कोरा नग सरळ. म्हणजे लाल विमानाचा डावा ब्रेक झिजून गेलेला. उजव्या पायात जोर नाही म्हणून वासू सगळा भार डाव्यावर टाकी... मला कोणी डोळे बांधून बसवले असते तरी सांगितले असते, ही गाडी वासूची.

"वहिनी, नाय फसलो तो."

"मग ता बिघाडला कित्याक?"

"बिघाडूक नाय. तेचो पाय आसा त्यात."

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "दुरुस्त होता?"

"बटणार एक बोट दाबल्यार होता. पण कोणाक करूक दिव नकात."

ह्या खेळाचे शौकीन वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत असतील, त्यांना सांगतो. कंपन्यांवर माझा विश्वास आजही नाही. रंग बदलून, चार दिवे लावून जादा पैसे मागणारे विमान घेऊ नका. आपल्या हाताने झिजते का, एवढे बघा. झिजत असेल तर घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी परत शिरगावला गेलो. लेक आली होती. वहिनी तिला म्हणाली, "पुसूचो नाय. भावजी चलयतले." मी लाल विमानाचे इंजिन चालू केले, तापत ठेवले, चहा प्यालो. मग पळवले, आणि थांबवताना डावा पाय जरा जास्त दाबला. विमान सरळ उभे राहिले.