भाताच्या कणगीतली फाइल

आमच्या वाडीत पहिला बी.एस्सी. मी. हे मी आजही छाती काढून सांगतो. कुणाचा रक्ताचा रिपोर्ट आला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो, मग डॉक्टरकडे जातो. मी साजगावच्या एका कारखान्यात माल तपासतो, रसायनांचा. लोकांच्या हिशेबी लॅब ती लॅब.

गेल्या पावसाळ्यानंतर दाढी करताना मानेला उजवीकडे हरभऱ्याएवढी गाठ लागली. मोबाइलवर शोधलं, तर तिसऱ्याच ओळीत कॅन्सर. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. तिथं थांबायला हवं होतं. पण कारखान्यात शंका आली की आम्ही नमुना तीनदा तपासतो, आकडे जुळले तरच माल सोडतो. मी स्वतःलाही तोच नियम लावला. पहिली तपासणी खोपोलीत केली होती, मग खालापूर, मग कर्जत. पांढऱ्या पेशींचे तीन आकडे तीन तऱ्हेचे आले. तिन्ही मर्यादेत होते, पण जुळत नव्हते. दुसऱ्याला मी समजावलं असतं की रक्त म्हणजे पिंपातलं रसायन नव्हे, ते रोज थोडं हलणारच. स्वतःला मात्र तिन्ही रिपोर्टांची फाइल करून दिली.

पहिले काही दिवस भीती वाटली. पुढं तीही वाटेना. जेवायचो, कामाला जायचो, कुणी बोललं तर हसायचो, आणि बोटं मानेवर. आंघोळीत, बसथांब्यावर, डबा खाताना. गावात कुणाला विचारायची सोय नव्हती. सगळे मलाच विचारतात.

एकदा शेजारची काकी तिचा रिपोर्ट घेऊन आली. "बरा हाय ना रं?" मी बघून बरा आहे म्हटलं. तिनं कागद पिशवीत कोंबला आणि वालाच्या शेंगा तोडायला गेली. एकदाच विचारलं तिनं. मी पायरीवर बसून राहिलो.

शेवटी कर्जतला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाठ पाहिली, फाइल बाजूला सरकवली आणि दिवसातून किती वेळा हात लावता ते विचारलं. मोजत नाही, म्हटलं. त्यांनी डावी बाजू दाबून दाखवली.

"इथंही आहे बघा. उजवी तुम्ही दाबून दाबून सुजवलीत. महिनाभर हात लावायचा नाही, नवी तपासणी करायची नाही. मग मी बघतो."

नमुन्यात सारखा हात घातला की नमुना बिघडतो, हे मी कामावर नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो.

घरी येऊन फाइल आईकडे दिली. माझ्याकडे राहिली असती तर रोज उघडली असती. आईला वाचता येत नाही.

"आजार हाय काय तुला?"

"नाय."

"मग यवढं कागद कसलं रं?"

तिनं फाइल कणगीत भाताखाली पुरली आणि डॉक्टर काय म्हणाले ते नीट विचारून घेतलं.

आता ती तांदूळ निवडत बसलेली असते. मी समोर असतो. केव्हातरी ती सुपातून नजर न काढता म्हणते, "हात."

मी हात खाली घेतो. गाठ कमी झाली की नाही, ठाऊक नाही. अजून नऊ दिवस आहेत.