कडूमावशींची करपलेली कढई

तुळजापूरकडच्या वाशीजवळ असलेल्या आमच्या गावात सकाळी आठच्या सुमारास खव्याच्या भट्टीचा धूर निघतो आणि त्या धुरामागं कडूमावशी बसलेल्या असतात. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून हिला तरी दृष्ट लागू नये असं नाव आईबापांनी ठेवलं, कडूबाई. नाव कडू आणि हात गोड, असं म्हणून गाव त्यांना चिडवतं. तुळजापूरचे पेढेवाले आमचा खवा डोळे झाकून घेतात, ते त्यांच्या हाताच्या भरवशावर. भट्टी माझ्या सासऱ्यांनी घातली, आता मी आणि माझे पती अमरसिंह बघतो. खरं सांगायचं तर तीस वर्षं ती कडूमावशीच चालवतात.

त्यांचा एक कायदा आहे. दूध कढईत पडलं की खवा कड सोडेपर्यंत हातातलं उलथनं थांबवायचं नाही, आणि भट्टीपाशी गाणीबिणी वाजवायची नाहीत. आटताना दुधाचा आवाज बदलतो, तो ऐकून त्या जाळ मागं ओढतात. मधेच लेकीचा फोन वाजला तरी घेत नाहीत. मी त्यांना हसायचे. माझा फोन म्हणजे माझा धंदा होता. पेढेवाल्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, त्या बघायला नकोत? ऑर्डर बघायला एक मिनिट लागतं. पुढची चाळीस मिनिटं कुठं जातात, असं कुणी विचारलं की मात्र मला राग यायचा.

मागच्या वर्षी चैत्री पुनवेच्या यात्रेआधी ऑर्डरींची झुंबड उडाली होती. मी भट्टीच्या पत्र्याखाली स्टूल टाकून बसले होते. शिवप्रिया, माझी लेक, तेव्हा दीड वर्षाची. नुकती चालायला लागली होती, पायात पीं पीं वाजणाऱ्या चपला. फोन उघडला तो ऑर्डरीसाठीच, देवीशपथ. मग एक साडी दिसली, मग एक रेसिपी, मग कुणाचं तरी बाळ गाण्यावर नाचत होतं. दुसऱ्याचं बाळ बघत मी एकटीच हसत बसले.

भानावर आले ते वासानं. मान वर केली तर कढईतून काळा धूर निघत होता, उलथनं मातीत पडलेलं आणि कडूमावशी शिवप्रियाला कडेवर घेऊन लांब उभ्या. तेव्हा जे बोलले त्याची आजही लाज वाटते.

"मावशी, लक्ष कुठंय तुमचं? अख्खी कढई करपवली."

"चुकलं, माय," त्या म्हणाल्या.

अमरसिंह धावत आले. तेही दोन शब्द बोलले, ऐन यात्रेत असं कसं झालं म्हणून. त्या खाली बघून ऐकत होत्या. दहा लिटर दुधाचा तो कोळसा उकिरड्यावर गेला आणि मावशींनी दुसरं दूध कढईत ओतलं.

दुपारी लेकीच्या एका पायात चप्पल नाही, हे माझ्या लक्षात आलं. शोधत शोधत भट्टीपर्यंत गेले. जिथून जळण आत सारतात त्या तोंडाशी, राखेत ती सापडली. अर्धी वितळून गोळा झालेली. पीं पीं करत माझी पोर जाळाकडं निघाली होती. तो आवाज कढईपाशी बसलेल्या बाईला ऐकू गेला आणि चार पावलांवरच्या आईला नाही.

तशीच मावशींच्या घरी गेले. सकाळीच का सांगितलं नाही, म्हणून रडत विचारलं. त्या गवऱ्या रचत होत्या.

"सांगून काय करू? मालक तुला बोलला असता," त्या म्हणाल्या. "कढईचं काय, उद्याबी दूध येतंय. लेकरू कुठून आनायचं व्हतं?"

मी पाय धरले. त्यांनी, हात शेणाचे हायत, म्हणून मला कोपरानंच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला माणसं जमली, तेव्हा ती चप्पल हातात घेऊन मी सगळ्यांसमोर घडलं ते सांगितलं. अमरसिंह वाकून मावशींच्या पाया पडले. मावशी माझ्यावरच वैतागल्या, दूध तापलंय आणि हिचं कीर्तन चाललंय म्हणून.

आता शेवटची कढई उतरेपर्यंत माझा फोन घरात, डाळीच्या डब्यावर असतो. पेढेवाल्यांनाही तसं सांगून ठेवलंय, त्यांचं काही अडलं नाही. सुरुवातीला हात सारखा कमरेकडं जायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही जातो. पण कान मोकळे झाले. दूध आटत आलं की कसं बोलतं, ते मला आता थोडं थोडं कळतं. मावशींनीच शिकवलं. या बाईचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तीस वर्षांत कडूबाईची एकच कढई करपली, असं कुणी चेष्टेनं म्हणालं की मी खरवड खात बसलेल्या शिवप्रियाला हाताला धरून पुढं आणते.

"व्हय," मी म्हणते, "ती कढई ही बघा."