सातवी थाप

लिनार्दला सगळं गाव ‘परतफिरू’ म्हणायचं. हे नाव मीच पाडलं होतं, ते आधीच कबूल करून टाकते.

तो सुतार. पण हिवाळाभर रोज न्याहारीआधी चर्चमागच्या मोजकाठीवर बर्फ बघून हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या हिमकचेरीला कळवायचा. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. रविवारी तो, माझा नवरा प्लासी आणि मी स्की घालून डोंगर चढायचो. उतारापाशी आलो की हा फावड्याने खड्डा खणायचा, बर्फाचा एक खांब मोकळा करायचा आणि वर फावडं ठेवून थापा मारायचा. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब लवकर तुटला म्हणजे उतार कधीही कोसळेल; मग वहीत एक ओळ लिहायची आणि घरी. निम्मे रविवार असेच वाया जायचे. माझं डोकं फिरायचं.

प्लासीच्या साठीला फेब्रुवारीत निघालो. पिशवीत मी केलेला अक्रोडाचा केक होता. वाढदिवसाचा केक आम्ही माथ्यावरच कापायचो, कधी खाली नाही.

सातव्या थापेला खांबाचा वरचा भाग सरकून लिनार्दच्या मांडीवर आला. खाली साखरेसारखी सुटी कणी होती. त्याने वहीत लिहिलं.

“चला, फिरा मागं.”

“सुताराचा हात तुझा,” प्लासी हसला, “त्याने दारसुद्धा तुटेल.”

मी हसले नाही. “साठी काय दरवर्षी येते? केक काय तुझ्या खड्ड्यात बसून खायचा? तू जा घरी, परतफिरू. आम्ही जातो.”

त्याने वही खिशात टाकली. “एकेकट्याने जायचं. मी पुढं.”

तो पार झाला. प्लासी मधोमध असताना अख्खा उतार सुटला. आम्ही दोघांनी खणून त्याला काढलं तेव्हा उशीर झाला होता.

चौकशीला लिनार्द म्हणाला, “खांब टिकला होता. मीच चला म्हणालो.” मी शेजारी मूग गिळून बसले होते. कचेरीने त्याचं काम काढून घेतलं. पावाच्या दुकानात माझ्यासमोर लोक म्हणायचे, “परतफिरू नेमका त्याच दिवशी परतला नाही.” मी पाव घेऊन निघून यायचे.

तो दर शरदात माझी लाकडं फोडून द्यायचा. एकदा मी म्हटलं, “लिनार्द, सांगून टाकते सगळ्यांना.”

“राहू दे, बारला. तुला याच गावात राहायचंय.”

“आणि तुला?”

“मी सुतार. लोकांना दारं लागतातच.”

मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आजही लाज वाटते.

बऱ्याच वर्षांनी एका नोव्हेंबरात तो गेला. भाचीने वह्या आणून दिल्या. त्या तारखेला पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘सातवी थाप. परत फिरलो.’ मी तोंड उघडायच्या आधी लिहिलेलं. पुढे कधी खोडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन दुकानात गेले. ते पान उघडून गल्ल्यावर ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, “लिनार्द चुकला नव्हता. चूक माझी होती.”

गल्ल्यावरच्या नव्या मुलीने पान वाचलं, आजूबाजूला पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

“कोण लिनार्द, आजी?”